आर्डिसबाईंच्या हातावरचा जांभळा शब्द

हातावर, गळ्यावर आणि तोंडावर मी टॅटू काढत नाही. अमेरिकेतल्या दुलूथ बंदरात माझ्या दुकानाच्या दारावर तशी पाटीच आहे, आणि ती वाचून परत गेलेल्या पोरांच्या आया दर नाताळात मला बिस्किटं पाठवतात. निदान पाठवायला हव्यात.

तुम्ही म्हणाल, एल्डन, आधी स्वतःकडे बघ. बघतो की. रोज दाढी करताना बघतो. माझ्या गळ्यावर एक दीपगृह आहे. ऐन विशीत, मालवाहू बोटीवर काम करत होतो तेव्हा काढून घेतलं. त्या वेळी ते ताठ होतं. आता गळ्याची कातडी सैल पडल्यापासून ते असं काही कललंय, की त्याच्या भरवशावर होडकंसुद्धा धक्क्याला लागायचं नाही. दोन्ही हातांच्या बोटांवर एकेक अक्षर करून 'घट्ट धर' लिहिलंय. दोर हातातून सुटू नये म्हणून जुने खलाशी लिहून घ्यायचे, तसं. हल्ली त्याचा उपयोग एवढाच, की लोणच्याची बरणी माझ्याकडून उघडली नाही तर बायको आधी बरणीकडे बघते आणि मग माझ्या बोटांकडे.

दिसेल अशा जागी टॅटू काढला की माणूस जाहिरातीचा खांब होतो. पाव घ्यायला रांगेत उभं राहावं, तर मागचा आपल्याला वाचून काढतो आणि वाचून झाल्यावर शंका विचारतो. दुखलं का? आई काय म्हणाली? म्हातारपणी कसं दिसेल? या शेवटच्या प्रश्नाला मी आता बोलून उत्तर देत नाही, नुसती हनुवटी वर करतो. मी चित्रांना कंटाळलेलो नाही. चित्रांबद्दल बोलून बोलून थकलोय.

तर, पाटी वाचूनही कोणी हट्टच धरला, तर माझ्याकडे एक खात्रीचा उपाय होता. टॅटू काढण्याआधी आम्ही कागदावरच्या चित्राचा जांभळ्या शाईत कातडीवर छाप घेतो आणि मग त्या रेघांवरून सुई चालवतो. हट्टी माणसाला मी नुसता छाप मारून घरी पाठवायचो. जा बाबा, हे एक दिवस मिरवून ये. साहेबाला दाखव, सासूला दाखव. छाप साबणाने निघून जातो आणि त्याच्याबरोबर हौसही निघून जाते. हा उपाय कधी म्हणजे कधी फसला नव्हता.

मग एप्रिलमधल्या एका शनिवारी आर्डिसबाई आल्या.

आर्डिसबाई आमच्या टेकडीवरच्या लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. अर्ध्या गावाला त्यांनी पियानो शिकवलाय. एक हिवाळाभर मलाही शिकवला, आणि मग माझ्या आईला शांतपणे सांगितलं, की मुलाचे हात चांगले आहेत, पण दुसऱ्या कशाला तरी लावा. त्यांचे यजमान ऑर्विल गेल्या शरदात वारले. त्यानंतर मी बाईंना रस्त्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा पाठमोऱ्या.

बाईंनी कोट खुंटीला अडकवला, हातमोजे काढून एकावर एक ठेवले आणि उजवा हात माझ्या टेबलावर पालथा ठेवला. म्हणाल्या, "इथे 'सावकाश' असं लिही. मला वाजवताना दिसलं पाहिजे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाई सगळंच घाईने करतात. गाडी घाईने चालवतात, सूप घाईने पितात आणि ऑर्गन तर असा वाजवतात, की शेवटच्या कडव्याला म्हाताऱ्या माणसांना बसून घ्यावं लागतं. ऑर्विलचं सगळं आयुष्य शेजारी बसून 'सावकाश, आर्डिस' म्हणण्यात गेलं. आता घरात तसं म्हणायला कोणी नव्हतं. त्यातच गुरुवारच्या तालमीला गायकवृंदाचा प्रमुख हॅल्वर सगळ्यांसमोर बोलून गेला, की ऑर्विल म्हणायचा तेच खरं होतं. बाईंनी ऑर्गनचं झाकण लावलं आणि त्या थेट घरी निघून गेल्या.

हे दुःख होतं की राग होता, मला कळलं नाही. मला वाटतं बाईंनाही कळलेलं नव्हतं. मी पाटी दाखवली. बाईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मी म्हणालो, यांच्यामुळेच ती पाटी आहे. त्या उठेनात. मग मी माझा खात्रीचा उपाय काढला. जांभळा छाप मारला, आणि सांगितलं की उद्या रविवार आहे, हा घेऊन उपासनेला वाजवा आणि मग ठरवा. माझा हिशेब सोपा होता. पाळकसाहेबांचा एक कटाक्ष, बाईंच्या मुलीचं एक रडणं, आणि सोमवारी विषय संपलेला.

मुलीचा फोन रविवारी दुपारीच आला. जॅनेल शाळेत मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे मी फोनवरसुद्धा उभा राहिलो. माझ्या आईच्या हातावर तू काय कोरलंस, असं तिने विचारलं. मी म्हणालो, कोरलं काहीच नाही, शाई आहे, धुतली की जाईल. ती जरा शांत झाली. पण आई हे कोणाला सांगू देत नाही, म्हणाली. आईचं म्हणणं, माझा हात हा चर्चच्या मंडळींच्या बैठकीचा विषय नाही.

आणि तिथेच सगळं बिघडलं होतं. बाईंनी ऑर्गनशी बसून हातमोजे काढले, ते पुढच्या बाकावरच्या बायकांनी पाहिलं. आमच्याकडे अशा वेळी कोणी काही बोलत नाही. सगळे फक्त एकमेकांकडे बघतात, आणि त्याने बातमी जास्त लवकर पसरते. उपासनेनंतर तळघरात कॉफीला जमेपर्यंत पक्कं ठरलं होतं, की हॅल्वर त्या बिचाऱ्या विधवेला असं टोचून बोलला, की तिने गेलेल्या नवऱ्याचा शब्द हातावर गोंदवून घेतला. दुपारपर्यंत दोन्ही हातांवर झाला. संध्याकाळी पेट्रोल भरायला गेलो, तर तिथल्या माणसाने मला विचारलं, कपाळावर काढायला किती वेळ लागतो.

सोमवारी बाईंचा फोन आला. "एल्डन, उद्या दुपारी येते. वेळ राखून ठेव." बस, एवढंच. आवाज ठाम होता. उपाय फसला, हे मी ओळखलं. त्या रात्री जेवताना बायकोला सांगितलं, की उद्या मला माझ्या पियानोच्या बाईंना सुई टोचायची आहे. ती म्हणाली, तू पियानो वाजवायचास तेव्हा त्यांना याहून जास्त टोचलं असेल.

मंगळवारी सकाळी मी दुकान उघडत होतो, तर दारात हॅल्वर उभा. हॅल्वर म्हणजे भला दांडगा माणूस. सगळी नोकरी बर्फ उपसायच्या गाडीवर झाली, आणि आवाज असा, की धुक्यात बोटींना भोंग्याऐवजी चालला असता. त्या दिवशी मात्र कुजबुजत होता. टोपी हातात घेऊन खुर्चीच्या काठावर बसला आणि सांगत राहिला. रविवारपासून त्याची बायको व्हर्ना त्याच्याशी बोलत नव्हती. जेवण देत होती, पण ताट गॅरेजमध्ये नेऊन ठेवत होती. मेलेल्या मित्राचं नाव त्याने वादात वापरलं, हे त्यालाच सगळ्यात जास्त लागलं होतं. ऑर्विलबरोबर तो जन्मभर मासे पकडायला जायचा.

मला दया आली. मी त्याला खरं काय ते सांगितलं. म्हणालो, टॅटू अजून झालेलाच नाही, ती नुसती शाई होती.

"अजून?" तो म्हणाला.

"दुपारी येणार आहेत त्या," मी म्हणालो.

हे मी बोलायला नको होतं. हॅल्वरने टोपी टेबलावर ठेवली आणि तिच्याशेजारी आपला उजवा हात ठेवला. बर्फाचं फावडं टेबलावर ठेवावं, तसा.

"मग तिच्याआधी माझ्या हातावर काढ. तोच शब्द. एकटीने वागवायला नको तिला तो."

मी पाटी दाखवली. बोटं दाखवली. हनुवटी वर करून दीपगृहही दाखवलं. माझं सगळं व्याख्यान त्याला दिलं, की हात झाकता येत नाही, दवाखान्यात, बँकेत, लग्नात, मयतीत लोक आधी हात वाचतात आणि मग तोंडाकडे बघतात. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, की त्याला या वयात कोण नोकरीवरून काढणार आहे. मी म्हणालो, निदान छाप मारतो, एक दिवस फिरून बघा.

"पुसली जाणारी माफी मागून झाली, एल्डन," तो म्हणाला. "फोनवर. ती 'ठीक आहे' म्हणाली."

आमच्या भागात 'ठीक आहे' म्हणजे काहीच ठीक नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडचे मुद्दे संपले. खरं सांगायचं तर मुद्दे होते, ते मांडायची ताकद संपली होती. लोकांच्या हातांशी वाद घालण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. मी मशीन लावलं.

काम सुरेख झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. अक्षरं ठसठशीत काढली, म्हणजे ऑर्गनपाशी बसलेल्या माणसालाही वाचता यावीत. हॅल्वर एकदाही हलला नाही. खालच्या पट्टीत काहीतरी गुणगुणत होता आणि खुर्ची त्याने थरथरत होती. मी शेवटचं पुसून घेऊन वर पातळ पारदर्शक चिकटपट्टी लावत होतो, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

आर्डिसबाई. अर्थात वेळेच्या कितीतरी आधी. हातात लिंबाचा केक.

"फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून स्वतः आले," केक ठेवता ठेवताच त्यांनी सुरुवात केली. "मला तो टॅटू नको." त्यांनी हातमोजा काढला. हात स्वच्छ होता, घासून घासून लाल झालेला. "रविवारी वाजवायला बसले आणि पहिल्याच गीताला त्या शब्दाकडे लक्ष गेलं. वाटलं होतं, आता रडू येईल. कसलं रडू! असा राग आला ऑर्विलचा. बाबा, गेलास तरी सांगतोच आहेस? मग मी मुद्दाम असं पळवलं, असं पळवलं..."

"आम्हाला वाटलं, तुला रडू आवरत नाहीये," खुर्चीतून हॅल्वर म्हणाला.

बाई दचकल्या. तो तिथे आहे हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. "भांडत होते मी त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "तो गेल्यापासून पहिल्यांदा. फार बरं वाटलं, हॅल्वर. घरी येऊन जेवले आणि झोपले." मग त्यांना चिकटपट्टी दिसली. "हे काय?"

हॅल्वरने हात टोपीखाली सरकवला. बाईंनी टोपी उचलली, हात उजेडात धरला आणि वाचला. बराच वेळ वाचला. एकच शब्द होता.

"एल्डन," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हा साबणाने जाईल ना?"

"नाही, बाई."

"कढत पाण्याने?"

"नाही."

हॅल्वर माझ्याकडे वळला. "तू म्हणालास, दुपारी ती येणार आहे."

"आल्या की," मी म्हणालो.

बाहेर बंदराचा पूल वर उचलल्याचा भोंगा झाला, एक बोट आत आली. हॅल्वर आपल्या हाताकडे असा बघत होता, जणू दुसऱ्याचाच हात चुकून त्याच्याकडे आलाय. शेवटी आर्डिसबाईंनी केक कापला. सगळ्यात मोठा तुकडा हॅल्वरच्या डाव्या हातात दिला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या नाक ओढत होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मी या वेळीही ठरवू शकलो नाही. जाताना मात्र मला म्हणाल्या, "रेघ सुबक आहे तुझी. मी तुझ्या आईला सांगितलं होतं." आणि येत्या रविवारी उपासनेला यायचं, असा हुकूम देऊन गेल्या.

मी गेलो. किती वर्षांनी, ते विचारू नका. कॉलर वर करून शेवटच्या बाकावर बसलो, तरी शेजारच्या आजोबांनी पहिल्या प्रार्थनेतच माझं दीपगृह वाचून काढलं. मग हॅल्वर उभा राहिला आणि त्याने उजवा हात वर केला. गायकवृंदाने तो शब्द पाहिला आणि आज्ञाधारक माणसांसारखा वेग कमी केला. आर्डिसबाईंनी मान वर केली नाही. त्या सुसाट निघाल्या, गीत संपवलं, हात मांडीवर ठेवले आणि एक अख्खं कडवं शांतपणे गायकांची वाट बघत बसल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. प्रार्थना असेल.

नंतर तळघरात कॉफी घेत होतो, तर व्हर्ना समोरून आली. ठेंगणी, नीटनेटकी बाई, हातात कॅसरोलचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्या-मांसाच्या पदार्थाचं, भांडं. मी बोलणी खायच्या तयारीने कप खाली ठेवला.

"हॅल्वरचा हात तूच केलास ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो, आणि लगेच सांगायला लागलो, की मी पाटी दाखवली होती, दीपगृह दाखवलं होतं, खूप समजावलं होतं. तिने मला थांबवलं.

"सगळ्या संसारात हा माणूस एकदाही 'माझं चुकलं' असं म्हणाला नाही," व्हर्ना म्हणाली. "आता ते लेखी आहे." तिने माझ्या ताटलीत कॅसरोलचा मोठा डाव वाढला, मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याचा डावा हात अजून रिकामा आहे. तिथे काय हवं ते मी ठरवून ठेवलंय. थोडं लांबलचक आहे. मनगटाच्या वर गेलं तर चालेल ना?"

मी एवढंच म्हणालो, की उद्या सोमवार, आणि सोमवारी दुकान बंद असतं.