तात्यांची कवळी आणि माझं पॉलिश

माझ्या सासऱ्यांना, कोडोलीच्या आकारामतात्यांना, मरायच्या आधी एकदा मटण चावून खायचं होतं. हृदय पार थकलेलं, डॉक्टरांनी फार तर पंधरा दिवस सांगितलेले, आणि तोंडात एकही दात नाही. म्हणून कोल्हापुरात तमन्ना डॉक्टरांकडे थ्रीडी मशीनवर छापलेली रेझिनची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची, कवळी करायला टाकली. शनिवारी ती हिरड्यांवर चपखल बसली.

"पण अजून खरखरीत आहे, जीभ सोलून निघेल," डॉक्टर म्हणाल्या. "पॉलिश करून सोमवारी देते."

मटण रविवारी होतं. आणि मी हुपरीचा! वीस वर्षं चांदीच्या पैंजणांना पॉलिश मारतोय. (दुसरं काही येतच नाही.) "पॉलिशचं माझ्यावर सोडा की," म्हणत मी कवळी खिशात घातली.

"पाणी लावून हळू घासा! तापली की वाकते!" डॉक्टर मागून ओरडल्या. तोवर मी जिना उतरलो होतो.

घरी पॉलिशची मोटर चालू केली, चाकावर कवळी दाबली.

"अवं, जळल्याचा वास येतोय की!" बायको, पूर्णिमा, धावत आली.

"चांदीचा बी येतो आधी." (चांदीचा कधीच येत नाही.)

कवळी अशी चमकली की तिच्यात पंखा दिसायला लागला. फक्त एका बाजूनं वर वळली होती. मी म्हटलं, तोंडात गेल्यावर बसेल.

रविवारी तात्यांनी पहिला तुकडा चावला आणि तुकड्यासकट कवळी रश्शात पडली. कुणी हसलं नाही. तात्यांनी ती धोतराला पुसली, उजेडात धरली.

"पावणं, चमक लई भारी हाय. पर चावू कशानं?"

मला रडू आलं. तात्या नुसता रस्सा प्याले. नवी कवळी गुरुवारी मिळणार होती. तात्या बुधवारी गेले.

रक्षाविसर्जनाला नैवेद्यात मटण ठेवलं. तासभर कावळा शिवेना. मेहुणा कृष्णात म्हणाला, "तात्या, तुमच्या म्हशी इकत न्हाय!" कावळा फांदीवरच. मी पुढं झालो, "तात्या, चुकलं माझं, माफ करा." कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला.

शेवटी पूर्णिमानं हात जोडले. "तात्या, ह्यास्नी परत घरातल्या कशाला हात लावू देत न्हाय!"

एक नाही, पाच कावळे आले.