कन्हानच्या पुलापर्यंतची ट्रायल

मनोहरराव ढोबळे मोटारीतल्या लाल दिव्याला 'तार' म्हणत. स्टिअरिंगमागे तो दिवा जरा लुकलुकला, की भर रस्त्यात गाडी थांबवून ओरडत, "तार आली गा भाऊ, तार आली!" आणि चेहरा असा करत, की शेजारी बसलेल्याला आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांची आठवण व्हावी.

उभी हयात तारखात्यात गेलेली. "तारेनं चांगली खबर येत नसते," हे त्यांचं ठाम मत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी काळी मोटार घेतली आणि काळजीची कायमची सोय करून ठेवली. रामदासपेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. सकाळी मी दाढीला बसलो, की पलीकडे बॉनेट उघडल्याचा आवाज यायचा. मनोहरराव डोळे मिटून, इंजिनाकडे कान करून उभे. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे, फक्त घाम यांनाच फुटलेला.

त्या उन्हाळ्यात गाडीचा पेट्रोल पंप गेला. सदर भागातल्या एका मेकॅनिकनं तो उघडून दुरुस्त केला, कार्बुरेटर साफ केला, नळी बदलली. गाडी सुतासारखी सरळ झाली. त्यामुळे मनोहरराव जास्तच घाबरले.

"इतकी चूप काहून चालून राहिली?"

"दुरुस्त झाली म्हणून," मी म्हटलं.

"नाही गा. मोटारीत एकाले बरं केलं की दुसरा रुसते."

मग ट्रायली सुरू झाल्या. साक्षीदार मी, आणि माझं काम वास घेण्याचं. "पेट्रोलचा वास येऊन राहिला का?" नाही म्हटलं तर, "सर्दी आहे काय तुले?" हो म्हटलं तर गाडी कडुनिंबाखाली उभी, आणि आम्ही दोघं प्रौढ माणसं बॉनेटमध्ये तोंड खुपसून हुंगतो आहोत. जाणारे-येणारे सायकली थांबवून बघत.

ट्रायल मात्र नेहमी एकाच रस्त्यानं, कामठीकडे. आणि कन्हानचा पूल दिसला की काहीतरी खटकायचंच. ब्रेक ढिला वाटायचा, आवाज बदलायचा. गाडी माघारी.

पुलापलीकडच्या रस्त्यावर रामटेक होतं, आणि रामटेकला त्यांची शालू. आईवेगळी, एकुलती एक पोर. ती शिकवायची त्या शाळेतल्याच एका मास्तरांशी तिनं, जातीबाहेर, लग्न केलं. मनोहरराव रागाच्या भरात बोलून गेले, "माझ्या दारात पाय ठेवू नको." तिनं ठेवला नाही. बापासारखीच हट्टी.

मग माझ्या बायकोनं बातमी आणली, की जावयाची बदली दूर जंगलात, थेट सिरोंचाला झाली आणि एक-दोन दिवसांत बिऱ्हाड हलणार. मी ती कुंपणावरून त्यांना सांगितली. ते इंजिनच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. एरवी ट्रायलीला बनियनवर येणारे मनोहरराव इस्त्रीच्या सदऱ्यात होते. "चल गा. ट्रायल घ्या लागते."

कामठी मागं पडली आणि लाल दिवा लागला. लुकलुकला नाही, लागूनच राहिला.

"तार आली." या वेळी ते अगदी हळू म्हणाले. "पंप पुन्हा गेला असन. वापस जाऊ."

आज परतलो तर पुन्हा येणं नाही, हे मला दिसत होतं. "पण हा दिवा पंपाचा नाही ना? डायनामोचा आहे, तुम्हीच सांगितलं."

ते नाइलाजानं उतरले. बॉनेट उघडलं. "पट्टा साबूत आहे... नळी कोरडी आहे..." मग थांबले. पंपाचं काम करताना डायनामोची वायर ओढली गेली असावी. ती टोकाशी ढिली होऊन लोंबत होती. त्यांनी ती बसवली, पान्यानं आवळली. गाडी सुरू केली, जरा रेस दिली. दिवा विझला. एवढ्या बऱ्या झालेल्या गाडीकडे इतक्या उदास नजरेनं बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता पूल."

पुलावरून जाताना त्यांनी उगाच हॉर्न वाजवला, रखरखीत उन्हात वायपर चालवून बघितले. मी समोर बघत राहिलो.

शालूच्या अंगणात गाठोडी बांधून ठेवलेली. गाडीच्या आवाजानं ती दारात आली आणि तिथंच थबकली. मनोहरराव उतरले, तिच्याकडे न बघता बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "गाडी गरम झाली. थोडं पाणी पाहिजे होतं."

ती आत गेली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन आली. बादली गाडीपाशी ठेवली, तांब्या पुढे केला.

"हे तुमच्यासाठी, बाबा."

ते उभ्याउभ्याच प्यायले. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. तेवढ्यात जावई लगबगीनं येऊन बॉनेट उघडू लागले.

"राहू द्या, जावईबापू. हात काळे होतीन."

मग मनोहररावांनी घसा साफ केला. "सामान जाऊ द्या ट्रकनं. तुम्ही दोघं काहून बसचे धक्के खाता? मी सोडून देतो."

"सिरोंचाले?" शालू म्हणाली. "इतक्या दूर येईन का तुमची गाडी?"

"काहून नाही येणार? फर्स्ट क्लास चालून राहिली."

शालूनं पदरानं डोळे पुसले आणि बांधलेलं एक गाठोडं सोडून त्यातून कपबशा काढायला बसली.