वैतींचा मिटलेला डोळा

वैती एक डोळा मिटून चहा ओतायचे. निम्मा कपात, निम्मा माझ्या कीबोर्डवर. "अहो, दोन्ही डोळे उघडून ओता की," मी करवादायचे. ते शांतपणे म्हणायचे, "मॅडम, सराव चाललाय." महिनाभर हेच. कसला सराव, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

नव्वदच्या दशकाअखेर आमचा ठाण्यात छोटा स्टुडिओ होता. जाहिरातींच्या चित्रात आम्ही धूर, धुकं घालून द्यायचो. वैतींचं काम जगावेगळं. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांची चित्रं कॉम्प्युटरवर ताडून कुठली वस्तू किती लांब आहे ते काढायचं आणि त्याचा नकाशा बनवायचा. जवळचं पांढरं, लांबचं काळं, मधलं राखाडी. त्या नकाशावरून धुकं बाईच्या मागून आणि खांबाच्या पुढून नेता यायचं.

हे समजावताना वैती असे काही रंगात यायचे. "दोन डोळे म्हंजे जावाजावा. एका घरात असल्या की वाद. एक लांब आंबिवलीला राहायला गेली की कशी गोडी. वस्तू जितकी जवळ, तितका दोन डोळ्यांचा वाद मोठा. वाद मोजायचा, अंतर मिळतं."

एकदा साबणाच्या जाहिरातीत धुकं बाईमागच्या कठड्यापाशी आलं की गडप व्हायला लागलं. क्लायंट चारला येणार होता. साहेबांचं तोंड उतरलेलं. वैतींनी नकाशा पाहिला आणि मांडीवर थाप मारली. "सळया सगळ्या सारख्या. डाव्या चित्रातली चौथी ह्या कॉम्प्युटरनं उजव्यातल्या तिसरीशी लावून दिली. मांडवात नवरी बदलली. म्हणून कठडा बाईच्या पुढं येऊन बसलाय."

मग वैतींनी जेवण सोडून एकेक सळी हातानं जुळवली. पावणेचारला धुकं बाईच्या मागून अलगद निघालं आणि कठड्यावरून पसरत गेलं. मी टाळ्याच पिटल्या, साहेब खुर्चीत नाचायचे तेवढे राहिले.

वैती मात्र माझ्या कानाशी. "मॅडम, एक प्रिंट मिळंल का? घरचं आहे." घरच्या माडीच्या जिन्याचा फोटो, वरून, कॅमेरा चार बोटं सरकवून दोनदा काढलेला, आणि त्याचा नकाशा. "जिन्यात धुकं सोडताय की काय?" मी चिडवलं. आणि प्रिंट काढून दिली. गडबडीत वैती ती टेबलावरच विसरून गेले.

मी कोपरला राहायचे, वैतींचं कळवा वाटेवरच. म्हटलं, देऊन टाकू.

दारात वैतीवहिनी होत्या. वर माडीवर वैती, एका डोळ्यावर रुमाल बांधून. शेजारी त्यांची सहा वर्षांची सोनू.

"दिवाळीत फटाक्यानं पोरीचा एक डोळा गेला," वहिनी हळूच म्हणाल्या. "पायरी किती खाली हाय ते कळत नाय तिला. दोनदा पडली. आता जिना उतरत नाय, शाळा बंद झाली. म्हणून हे एक डोळा मिटून फिरतात. म्हणतात, आधी मला जमू दे, मंग तिला शिकवीन."

महिनाभर मी या माणसावर खेकसत होते. माझी मलाच लाज वाटली.

वहिनींनी प्रिंट वर नेऊन दिली. सोनूनं तिच्यावर बोट ठेवलं. "पांढरी जवळ ना?"

"जवळ. मंग राखाडी. काळी एकदम तळाला."

तिनं पाय टाकला. थांबली. मग वळून बापाचा हात धरला. "बाबा, सावकाश. पांढरी झाली. आता राखाडी येईल."

दोघं एकेक पायरी उतरत होती. मी खाली उभी होते, दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि डोळ्यांतल्या पाण्यानं मला पायाशीच असलेली काळी पायरी काही दिसेना.