पगारे काकांचे सहा ते आठ

आमच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी सहाला भूमिती सुटते. "भूमिती, फलाट एक. पॅसेंजरनी जागा पकडून घ्यावी," असं पगारे काका दुसऱ्या मजल्यावरच्या दारातून पुकारतात आणि आठ-नऊ मुलं वह्या सावरत जिना चढतात. काका बस स्टँडवर पस्तीस वर्षं कंट्रोलर होते. निवृत्त झाले ते स्टँडवरून, कंट्रोलरकीतून नाही.

आमच्या गंगापूर रोडला क्लासेसना तोटा नाही. पण काका शिकवत नाहीत. आपल्याला भूमितीतलं ओ की ठो कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. ते फक्त मुलांना बसवतात. उगाच पाणी प्यायला उठलेल्याला "मधल्या स्टॉपला उतरायचं नाय" म्हणून परत बसवतात. इतिहास लांबला तर विज्ञान दहा मिनिटं उशिरा सुटेल असं जाहीर करून दिलगिरी व्यक्त करतात, आणि खरोखरच दिलगीर दिसतात. एकदा विज्ञान चार मिनिटं आधी सुटलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांची माफी मागितली होती.

मोबाईल आधी लगेजमध्ये. लगेज म्हणजे हॉलमधल्या बुद्धमूर्तीशेजारचा पिठाचा रिकामा डबा. इथपर्यंत आम्हा पालकांना सगळं फार आवडलं. मग काकांनी नियम काढला, की मुलाबरोबर आईचा किंवा वडिलांचा मोबाईलही आठ वाजेपर्यंत डब्यात. "ड्रायव्हरच मोबाईल बघत बसला, तर पॅसेंजरनं कुणाच्या भरवशावर बसायचं?"

मी शाळेत शिक्षक. पालकसभेत मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोलायचं काम दर वर्षी माझ्याकडे येतं, आणि मी बरं बोलतो. त्यात माझी सायली दहावीत, भूमितीत जेमतेम काठावर. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मी कपाटातून एक जुना, बंद पडलेला मोबाईल काढला, त्याला नवं कव्हर घातलं आणि गंभीर चेहऱ्याने सायलीच्या हातात दिला. रोज. चार महिने. सहा ते आठ मी सोफ्यावर लोळून खरा मोबाईल बघायचो. लोक माशांची टाकी कशी धुतात, हे मी त्या दिवसांत तासन्‌तास पाहिलं. आमच्याकडे मासे नाहीत. आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच होतं.

सायली मात्र अभ्यासाला लागली. आमचे पप्पासुद्धा दोन तास मोबाईल सोडतात, असं ती बिल्डिंगभर सांगायची. चाचणीत भूमितीला वीसपैकी चौदा मिळाले. मी पेढे वाटले.

पूर्वपरीक्षा आठवड्यावर आली होती. एका संध्याकाळी सायली कंपासपेटी विसरून गेली, म्हणून मी ती द्यायला वर गेलो. हॉलच्या मधोमध पोचलो आणि माझ्या खिशातला मोबाईल वाजला. सगळ्या माना वर झाल्या. तळमजल्यावरचा कुणाल म्हणाला, "सर, तुमचा तर डब्यात आहे ना?"

सायलीने मान खाली घातली. तिचे कान लाल झालेले मला दिसले.

काका उठले आणि त्यांनी सरळ माझ्या खिशातून मोबाईल काढून घेतला. "माझा हाय तो," ते कुणालला म्हणाले. "सरांना दुकानात पाठवलं होतं, म्हणून दिलेला." मग फोन कानाला लावून त्यांनी माझ्या मुख्याध्यापकांना, आम्ही कामात आहोत, आठनंतर करा, असं सांगून टाकलं. चार मिनिटांसाठी माफी मागणारा माणूस माझ्यासाठी मुलांदेखत धडधडीत खोटं बोलला होता.

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. मी काहीतरी सारवासारव करू लागलो, तर हातानेच थांबवलं.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "सायलीनंच सांगितलं. म्हणाली, काका, पप्पांचा हा मोबाईल जुना, बंद पडलेला हाय, पण पोरांना सांगू नका. रोज आणून ठेवते बिचारी."

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. चार महिने माझं खोटं माझी मुलगी हातात घेऊन जिना चढत होती, आणि वर माझीच बढाई मारत होती. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आमचा नितीन आतल्या खोलीत अभ्यास करायचा," काका म्हणाले. "अन्‌ मी बाहेर आवाज बारीक करून मॅच बघायचो. वाटायचं, त्याला काय कळतंय. कळत असणार. पण कधी बोलून दाखवलं नाय." त्यांनी ओट्यावरचं कोरडं फडकं उगाच पिळलं. "आता नांदगावला असतो. दर रविवारी फोन लावतो मी. उचलत नाय."

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. खाली सोफ्यावर जाऊन एकट्याने बसायचं धाडस होईना, म्हणून हॉलमध्ये येऊन मुलांच्या सतरंजीच्या कडेला बसलो. सायलीने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिने वही माझ्याकडे सरकवली आणि अडलेल्या प्रमेयावर पेन्सिल टेकवली.