वारा बाहेर फेकणारा पंखा

मिलकाबाई पहिल्यांदा आमच्या घरात आल्या त्या पेटती उदबत्ती घेऊनच. मी नुकतीच लग्न होऊन पनवेलला आले होते. शेजारच्या या ज्यू बाईंची ओळखही झाली नव्हती. त्यांनी दाराशी, खिडकीशी, चुलीशी उदबत्ती धरली, धुराकडे निरखून पाहिलं, "तुमच्या घरात वारा अडकतो. वाट काढा," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बाई मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून काडी पेटवायची नाही; एरवी उन्हाळाभर धुराच्या मागे हिंडणं चालू. कुणाचं पोट बिघडो की सासूसुनेचं बिनसो, त्यांचं औषध एकच. वाट काढा.

घरात त्या आणि थोरले भाऊ, बेंजामिनदादा. दादा लढाईत ब्रह्मदेशात होते, एवढंच मला ठाऊक. अबोल माणूस. उकाड्यात घामाने भिजलेला सदरा घालून खाटेवर बसून असत.

त्या मे महिन्यात बाईंनी जोमा पाटलांना बोलावलं. जोमा घरं बांधायचे आणि गावात नवी आलेली वीजही घरोघर फिरवायचे.

"खोलीत पंखा टांगतो बाय," ते म्हणाले. "सांजच्याला वारा सुरू."

"खोलीत नको. वर माळ्याच्या भिंतीत बसवा. तोंड बाहेर."

"बाहेर? म्हंजे वीज तुमची नि वारा गावाला?"

"कौलांखाली तापलेली हवा तो बाहेर फेकेल. तिची जागा घ्यायला खिडकीतून गार हवा आत येईल. माळ्याच्या दोन फळ्या काढून जाळी लावा, म्हणजे तिला वाट मिळेल."

जोमांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. तोवर बाई पदर खोचून शिडी चढल्याही होत्या. साठी उलटलेली बाई माळ्याच्या त्या भट्टीत वाकून धुराचा माग काढत होती. धूर जिथे रेंगाळला तिथे त्यांनी भिंतीवर कोळशाने गोल काढला. शिडीखाली उभ्या उभ्या मला त्यांची भीतीच वाटली.

पुढचा हट्ट आवाजाचा. पंखा बसला, पण खाली घरघर ऐकू येई. बाई भिंतीला कान लावत आणि "पुन्हा काढा" म्हणत. मग चौकटीखाली जुन्या टायरचे तुकडे आले, त्यावर गोणपाट आलं.

"आमी पंखा बसवतो का चोरी करतो?" जोमा कुरकुरले.

शेवटी एका दुपारी बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. जोमांचा चेहरा पडला. आणि मग खिडकीचा पडदा हलकेच उचलला गेला. खोलीत गार झुळूक आली, मागोमाग दुसरी. जोमांनी खिडकीत हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"पंखा भायेर फेकतो नि वारा आत येतो," ते हळूच म्हणाले. आम्ही ओटीवर आलो तरी ते मागे वळून बघत होते. "पन बाय, एवरा खटाटोप कशापायी? खोलीत टांगला असता तर सोपा होता."

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"बाजारातल्या हॉटेलात नवा पंखा लागला, तेव्हा दादाला चहाला नेलं होतं. डोक्यावर पंखा घरघरायला लागला आणि दादा टेबलाखाली शिरला. त्याला वाटलं, बॉम्ब टाकायला विमानं आली. लोक हसत होते."

"मंग?"

"मग मीही टेबलाखाली जाऊन बसले. तो एकटा कसा बसेल?"

जोमा हत्यारं घ्यायला आत गेले. मीही मागोमाग गेले. बेंजामिनदादा खाटेवर गाढ झोपले होते. वाऱ्याने त्यांच्या सदऱ्याची कॉलर हलत होती. जोमांनी हातोडी, पक्कड, पाने एकेक उचलून धोतराच्या सोग्यात गुंडाळले, आवाज होऊ नये म्हणून. बाहेर आल्यावर वहाणा हातात घेतल्या आणि त्या तापलेल्या अंगणातून अनवाणीच फाटकापर्यंत गेले.