लेखी परवानगीशिवाय

शेजाऱ्याच्या पत्राला उत्तर न देणं हा जंगलमालकाचा पहिला हक्क आहे. आर्ने हौगन यांच्या पत्राबाबत मी तो चार वर्षं बजावला. पत्रात एवढंच होतं : 'तुमच्या ओकवरचं मचाण माझ्या वडिलांनी बांधलेलं. हरणांच्या शिकारीच्या सीझनच्या पहिल्या सकाळी तासभर बसू द्याल का? बंदूक आणणार नाही.' उत्तरात 'प्रिय आर्ने' लिहावं की 'प्रिय श्री. हौगन', हे माझं ठरेना. (मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. उशीर करणाऱ्यांना स्मरणपत्रं मीच पाठवायचो.)

विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात 'वाचत बसायला चाळीस एकर जंगल घेतलं' म्हटलं, तर लोक काळजीनं तुमच्या बायकोला फोन करतात. 'शिकारीला घेतलं' म्हटलं, की कुणी काही विचारत नाही. म्हणून मी शिकारी झालो. आमच्याकडे असे सहाशे बारा एकांतप्रिय मालक आहेत. नोव्हेंबरात ते सगळे एकाच सकाळी एकांतात शिरतात आणि एकमेकांना लांबून दिसावेत म्हणून भडक नारिंगी जाकिटं घालतात. समोर आलेलं हरिण बरेचदा सोडून देतात. शिंगं अजून एक वर्ष वाढू द्यावीत, असा रिवाज आहे. (पत्रांच्या बाबतीत मीही तोच पाळला.)

एकांताला 'प्रवेश बंद'च्या पाट्या लागतात. यंदा हार्डवेअरच्या दुकानात मार्व्हा पाट्या बांधून देताना म्हणाली, "अजून दोन डझन? काय हो पुस्तकवाले, हरणं वाचायला लागली की काय?"

"माणसांसाठी आहेत."

"कुठली माणसं? तिकडे तुम्ही आणि आर्ने. त्यालाही ख्रिसमसआधी मुलगा शहरातल्या वृद्धाश्रमात नेतोय. या शनिवारचा सीझन त्याचा शेवटचा."

घरी येऊन मी हद्दीवरच्या झाडाला लावलेल्या कॅमेऱ्यातले फोटो पाहायला घेतले. त्यांची मी रीतसर वर्गवारी ठेवतो : हरणं चारशे सोळा, अस्वलं तीन, इतर चार. 'इतर'कडे कधी नीट पाहिलं नव्हतं. चार वर्षांतले चार फोटो, चारही सीझनच्या पहिल्या सकाळचे. नारिंगी टोपीतला एक म्हातारा पाटीपर्यंत येतो, वाचतो, मागे वळतो. पाटीवर 'लेखी परवानगीशिवाय प्रवेश बंद' असं आहे, आणि माणूस नियम पाळणारा आहे. चौथ्या फोटोत त्याच्या हातात काठी आहे.

बुधवारी मी लिहिलं : 'आर्ने, शनिवारी या. मचाणाची शिडी हलते. मी खाली धरून उभा राहीन.' ('प्रिय' गाळलं. वेळ वाचला.)

पोस्टातल्या बर्नडीननं पत्ता वाचला. "अहो, हे तर तुमच्या हद्दीपलीकडचं घर. जाता जाता हातात द्या की."

"मग बोलावं लागेल."

"बोललात तर झिजाल का?" म्हणत तिनं शिक्का मारला आणि पत्र पिशवीत टाकलं. उद्या पोचेल.

वाचकहो, तुम्ही खुशाल हसा. तुमच्या दाराशी येऊन किती जण मुकाट्यानं मागे वळले, ते तुम्ही मोजलेलं नसणार. माझ्याकडे तर फोटो होते.