शितावरून कंपनी

"विका म्हणते ना मी! उरलेल्या पैशात माझं एकटीचं तिकीट तरी निघेल. लेक बाळंत होईल, नातवंड चालायला लागेल, तोवर तुमची ती कंपनी उठून बसणार आहे का?"

बायकोच्या या बोलण्यावर निवृत्त पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. जन्मभर खिडकीपलीकडच्या लोकांना "पैसा ठेवीत ठेवा, झोप नीट लागते" असं सांगणाऱ्या या गृहस्थांनी परदेशी लेकीकडे जायच्या दोन तिकिटांचे पैसे एका घड्याळ कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. त्या कंपनीचं घड्याळ नाडी मोजे, झोप मोजे, पावलं मोजे. वेळ तेवढी चुकीची दाखवी. शेअर निम्म्यावर आला तेव्हा पोस्टमास्तरांचा आकड्यांवरचा विश्वास उडाला आणि त्यांनी तो माणसावर ठेवला. माणूस वरच्याच मजल्यावर राहत होता, त्याच कंपनीत इंजिनिअर.

शितावरून भाताची परीक्षा होते, मग इंजिनिअरवरून कंपनीची का होऊ नये? पोस्टमास्तर कामाला लागले. इंजिनिअर लवकर घरी आला की ते म्हणत, "कामच उरलेलं दिसत नाही." उशिरा आला की, "काहीतरी पेटलेलं दिसतंय." वेळेवर आला की, "हे लोक लपवताहेत." एकदा त्याच्याकडे नवा सोफा आला. "पगार चोख होतोय बरं का!" त्यांनी बायकोला सांगितलं. तो सासऱ्यांनी दिलाय असं कळल्यावर तेच म्हणाले, "म्हणजे पगार होत नाहीये."

जिन्यात गाठून ते सहज विचारल्यासारखं विचारत, "काय, कसं काय?"

"चाललंय, काका."

त्या 'चाललंय'चा अर्थ लावण्यात पुढचे दोन दिवस जात.

मग सोमवारी भर दुपारी इंजिनिअर ऑफिसची चाकांची खुर्ची डोक्यावर घेऊन जिना चढताना दिसला. खुर्चीच्या पाठीवर कंपनीचं नाव होतं.

"संपलं!" पोस्टमास्तर घरात येऊन मटकन बसले. "पगाराऐवजी सामान वाटताहेत!" बाजार बंद व्हायच्या आत त्यांनी होते नव्हते ते सगळे शेअर विकून टाकले. बायकोने माळ्यावरची बॅग काढली, पुसली आणि लोकरीचे गुंडे आणायला ती आनंदाने बाहेर पडली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात इंजिनिअर, हातात केक.

"काका, तोंड गोड करा. दुसऱ्या कंपनीने बोलावलं होतं, मी नाही म्हणून सांगितलं."

"नाही? का रे?"

"तुमच्याकडे बघून! बायको रोज म्हणते, खालच्या काकांची हयात पैशाच्या व्यवहारात गेली. ते शेअर धरून बसलेत म्हणजे कंपनीत दम असणार."

"आणि ती खुर्ची?"

"पाठ धरलीय ना माझी. साहेब म्हणाले, खुर्ची घेऊन जा, घरूनच काम कर. तुम्ही आहात ना अजून, काका?"

"आहे म्हणजे? मी कुठे जातोय!" पोस्टमास्तर म्हणाले, आणि त्यांनी केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

सकाळपर्यंत त्यांना स्वतःची भारी लाज वाटत होती. सव्वानऊला बाजार उघडलेला पाहिला आणि लाजेत थोडा लोभही मिसळला. आतल्या माणसाने बाहेरची नोकरी नाकारली, याहून मोठा पुरावा कुठला? ती आपल्याकडे बघून नाकारली होती, हे मात्र ते सोयीस्कर विसरले. शेअर कालच्यापेक्षा चढलाच होता. विकले त्याहून महाग दराने त्यांनी ते परत घेतले आणि बायकोला अर्थातच काही बोलले नाहीत.

संध्याकाळी इंजिनिअर खुर्ची घेऊन जिना उतरत होता. पोस्टमास्तरांना बघताच त्याने ती खाली ठेवून त्यांचे दोन्ही हात धरले.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही सगळे शेअर विकलेत, सकाळी काकूंनी सांगितलं. माझं मन मोडायला नको म्हणून काल बोलला नाहीत, कळलं मला! लगेच त्या दुसऱ्या कंपनीला फोन लावला. नशीब, जागा भरली नव्हती. दुपारी इथला राजीनामाही दिला."

पोस्टमास्तरांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "मग... खुर्ची परत द्यायला चाललास?"

"विचारलं तर म्हणाले, सामान परत घेणाऱ्या माणसालाच काढलंय. म्हटलं, तुम्हालाच द्यावी. तेवढीच आठवण."

खुर्ची पोस्टमास्तरांच्या बैठकीच्या खोलीत आली. ते बसले मात्र, ती फुस्स करत खाली खाली गेली. गुडघे हनुवटीपाशी आले. त्यांनी दांडी ओढून पाहिली, पण खुर्ची जागची हलेना.

"तिला तेवढी एक खोड आहे, काका. खाली जाते, मग वर यायला वेळ लावते."

"किती वेळ?"

"माझ्याकडे होती तोवर तरी आली नाही."

आतून बायकोचा आवाज आला, बऱ्याच दिवसांनी इतका हसरा. "अहो, लेकीचा फोन आहे! आईच्या तिकिटाचं कुठवर आलं विचारतेय. काय सांगू?"

पोस्टमास्तर जमिनीलगत बसल्या बसल्या म्हणाले, "चाललंय म्हणावं."